‘शासनमान्य’ म्हणजे चांगली शाळा का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये साताऱ्याहून सांगलीला एसटीनं गेला असाल तर हा रस्ता तुम्हाला पाठ असेल. उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा. दोन्ही बाजूला ऊस आणि प्रत्येक फाट्यावर फ्लेक्स. वाढदिवसाचे फ्लेक्स बाजूला ठेवा. या दिवसांत जास्त दिसतात ते शाळांचे. ‘प्रवेश सुरू. नर्सरी ते आठवी. शासनमान्य. सीबीएसई पॅटर्न. डिजिटल क्लासरूम. स्कूल बसची सोय.’ कोपऱ्यात टाय लावलेली तीन हसरी मुलं असतातच.

गेल्या खेपेला मी वहीत या फ्लेक्सवरचे शब्द लिहून घेतले. ‘शासनमान्य’ जवळपास सगळीकडे होता. ‘इंग्लिश’ सगळीकडे होता. पण पहिलीत आलेलं मूल चौथीतून बाहेर पडताना काय वाचू शकतं, कोणतं गणित सोडवू शकतं, हे एकाही फ्लेक्सवर नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कॉलेजात, आमचा आणि नर्सरीच्या ॲडमिशनचा काय संबंध? थांबा. घरात असा फॉर्म आला की हाक कुणाला मारतात? ‘तू शिकलेली आहेस, बघ जरा काय लिहिलंय.’ वहिनी, काका, शेजारची ताई, सगळे आपल्याकडेच येतात. म्हणजे एखाद्या चार वर्षांच्या पोराची पुढची आठ वर्षं कुठं जाणार, यात आपलंही मत असतं. शिवाय तुमच्यातले काही जण डी.एल.एड. किंवा बी.एड. करून उद्या याच शाळांमध्ये शिकवायला उभे राहणार आहेत.

भाच्याची वही

माझ्या ताईचा मुलगा तिसरीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. शाळा मान्यताप्राप्त आहे, इमारत स्वच्छ आहे, बस वेळेवर येते. दिवाळीत तो आमच्याकडे साताऱ्याला आला होता. दाजी कौतुकानं म्हणाले, ‘अहो, फडाफड इंग्लिश वाचतो, ऐका तर.’ त्यानं खरंच वाचलं. शेतकरी आणि विहिरीचा एक उतारा होता. एका दमात, कुठंही न अडखळता.

मी मराठीतच विचारलं, ‘मग शेतकऱ्यानं काय केलं?’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मावशी, त्याचं आन्सर टीचरनी अजून दिलं नाहीये.’

आम्ही सगळे हसलो. नंतर मी त्याला ४२ वजा १७ घातलं. त्यानं सुंदर अक्षरात उत्तर लिहिलं, ३५. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले. वही उघडली तर पानापानावर लाल शाईत ‘व्हेरी गुड’. सगळी उत्तरं बरोबर, कारण सगळी फळ्यावरून उतरवलेली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. ताई त्याच्या फीसाठी दर महिन्याला बाजूला पैसे काढते, ते मला माहिती आहे.

यात शाळेनं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याची टीचर प्रेमळ आहे, तो शाळेत आनंदानं जातो. शाळेकडे मान्यतेचा कागद आहे आणि तो खराच आहे. प्रश्न इतकाच आहे की तो कागद नेमकं काय सांगतो.

कागद काय सांगतो

शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते आठवीची कोणतीही खासगी शाळा मान्यतेशिवाय चालवता येत नाही. चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर रोजचे दहा हजार रुपयांपर्यंत.

मान्यता मिळवायला कायद्याच्या परिशिष्टातल्या अटी पूर्ण कराव्या लागतात. प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं. पिण्याचं पाणी, खेळाचं मैदान, कुंपण, ग्रंथालय. पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत निदान दोन शिक्षक. वर्षाला पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन. शाळा ‘नमुना १’मध्ये स्वतःची माहिती भरून देते आणि शिक्षण विभागाकडून ‘नमुना २’चं प्रमाणपत्र मिळतं. त्याची मुदत तीन वर्षांची असते.

ही यादी पुन्हा वाचून बघा. खोल्या, नळ, भिंत, माणसं, तास. हे सगळं हवंच. स्वच्छतागृह नसलेल्या शाळेत मोठ्या मुलींचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण या यादीत मूल काय शिकलं याची अट नाही. मान्यता म्हणजे शाळा उघडी ठेवायला परवानगी. गाडीचं आरसी बुक असतं ना, तसं. गाडी नोंदवलेली आहे एवढं त्यावरून कळतं, ती चालवणाऱ्याला घाट चढता येतो का, ते कळत नाही.

इथं आणखी एक गोंधळ सोडवू. ‘मान्यता’ आणि ‘संलग्नता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीबीएसईची संलग्नता असेल तर शाळेला संलग्नता क्रमांक असतो आणि तो बोर्डाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दाला असा कोणताही क्रमांक नसतो. बाजारातून पुस्तकं आणून कुणीही म्हणू शकतं की आमचा पॅटर्न सीबीएसईचा. आणि राज्य मंडळाचं म्हणाल तर ते दहावी-बारावीच्या परीक्षा घेतं. म्हणजे पहिली ते आठवीत आपण ज्याला ‘बोर्डाचा निकाल’ म्हणतो तसं काही नसतंच. दहावीला शाळेचा निकाल पेपरात येतो. चौथीचा येत नाही. नेमका पाया ज्या वर्षांत घातला जातो, तीच वर्षं अंधारात राहतात.

मग गुणवत्ता कुणी तपासतच नाही का?

तपासतात. पण कसं, ते बघा.

नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ‘शाळासिद्धी’ सुरू केली. सात क्षेत्रं, ४६ मानकं. शाळेनं स्वतःला गुण द्यायचे, मग बाहेरच्या पथकानं येऊन पडताळायचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पुढचं पाऊल सुचवलं. शाळा चालवणारं खातं आणि शाळांचा दर्जा ठरवणारं खातं एकच नको, प्रत्येक राज्यात स्वतंत्र शाळा मानक प्राधिकरण हवं, आणि सरकारी-खासगी दोघांना एकच मोजपट्टी हवी. महाराष्ट्रात त्यानंतर ‘स्क्वाफ’ नावाचा आराखडा आला. त्यात १२८ मानकं आहेत. सरकारी असो की खासगी, शाळेनं प्रत्येक मानकावर आपण कोणत्या स्तराला आहोत हे ठरवायचं आणि पुरावे जोडून ऑनलाइन भरायचं.

कल्पना चांगली आहे. आपल्या कॉलेजला नॅक येतं, तशातलंच. आणि नॅकच्या आधी कॉलेजमध्ये काय होतं ते तुम्ही पाहिलंय. भिंतींना रंग लागतो, फायली तयार होतात, ग्रंथालयात नवीन पाट्या येतात, आपल्याला सांगितलं जातं की समितीनं विचारलं तर काय बोलायचं. शाळा वेगळ्या नसतात. ज्याचं मूल्यमापन करायचं त्यानंच कागद भरायचा असेल, तर सगळ्यात जास्त सुधारते ती फाइल.

खरी फट पुढं आहे. २०२३-२४ पासून राज्यात ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. आधी पायाभूत, मग संकलित. मराठी, गणित, इंग्रजीचे पेपर राज्य पातळीवरून येतात. पण या चाचण्या घ्यायच्या त्या सरकारी आणि अनुदानित शाळांनी. फ्लेक्सवर झळकणाऱ्या विनाअनुदानित शाळा त्यात नाहीत. म्हणजे गावातल्या जिल्हा परिषद शाळेचं पोर किती वाचतं याची निदान बाहेरून आलेल्या प्रश्नपत्रिकेवर नोंद होते. शेजारच्या फी घेणाऱ्या शाळेतलं पोर किती वाचतं, हे त्या शाळेच्याच प्रगतिपुस्तकावरून समजून घ्यायचं.

आणि पालकांचं काय? आरटीई कायद्यानं शाळांना व्यवस्थापन समिती सक्तीची केली, त्यात तीन चतुर्थांश पालक. पण ही सक्ती विनाअनुदानित खासगी शाळांना नाही. जिथं पालक फी मोजतो तिथंच या समितीत त्याला खुर्ची नाही.

फोटोतली पाच मुलं

‘आमचा निकाल बघा’, हे खासगी शाळांचं सगळ्यात मोठं हत्यार. सातारा-सांगलीत तर शिष्यवृत्ती, नवोदय आणि सैनिक स्कूल हा घराघरातला विषय. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झालं, त्यामुळे आपल्याकडे हे वेड जरा जास्तच. निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो. पाच मुलांचे फोटो, खाली गुण.

त्या पाच मुलांचं कौतुक करायलाच हवं. पण फ्लेक्स बघताना स्वतःला दोन प्रश्न विचारा. वर्गात चाळीस मुलं असतील तर उरलेल्या पस्तिसांचं काय? आणि या पाच जणांना शाळेनं घडवलं, की ती घरून, क्लासमधून तयार होऊनच आली होती? आई-बाबा शिकलेले, घरात पुस्तकं, संध्याकाळी अभ्यास घेणारं कुणीतरी. असं मूल कोणत्याही शाळेत बरं शिकतं. शाळेची गुणवत्ता म्हणजे मूल आलं तेव्हा कुठं होतं आणि गेलं तेव्हा कुठं पोचलं, यातला फरक. नुसता शेवटचा आकडा बघून शाळेला शाबासकी देणं म्हणजे सातारच्या हिल मॅरेथॉनमध्ये कुणी अर्ध्या वाटेवरून धावायला लागला आणि आपण टाळ्या वाजवल्या, असं होतं.

आकडे काय म्हणतात? ‘प्रथम’चं ‘असर’ सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन एकेका मुलाला वाचायला देतं. २०२४ च्या अहवालानुसार देशभरात सरकारी शाळांतल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी साधारण ४५ जणांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. खासगी शाळांत साधारण ५९ जणांना. खासगी पुढं आहे, बरोबर. पण उलटं वाचा. फी भरणाऱ्या घरांतली शंभरातली साधारण ४१ मुलं पाचवीत जाऊनही दुसरीचं पान वाचू शकत नव्हती. आणि जे अंतर दिसतं त्यातलं किती शाळेचं, किती घरचं?

याचं उत्तर शोधायचा एक गाजलेला प्रयत्न आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांनी अर्ज केले, चिठ्ठ्या टाकल्या, ज्यांचं नाव निघालं त्यांना खासगी शाळेची फी मिळाली. म्हणजे घर सारखंच, फक्त शाळा वेगळी. चार वर्षांनी तपासलं तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं जवळपास सारखीच होती. खासगीवाली पुढं होती ती हिंदीत, जी सरकारी शाळेत त्या वर्गांना शिकवतच नव्हते.

आता खासगी शाळांच्या बाजूनंही बोलू, कारण याच अभ्यासात ती बाजू आहे. तेलुगू आणि गणिताला कमी तास देऊन, आणि एका मुलामागे सरकारच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी खर्चात, त्या शाळांनी तोच निकाल दिला होता. हे काही लहान काम नाही. म्हणजे ‘खासगी म्हणजे लूट’ हेही चूक आणि ‘खासगी म्हणजे क्वालिटी’ हेही चूक. पाटीवरून काहीच ठरत नाही.

आपल्या मातीतली खासगी शाळा

खरं तर ‘खासगी शाळा’ हा शब्द सातारा-सांगलीला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. हायस्कुलं आणि कॉलेजं आपल्याला माहिती असतात, पण रयतनं प्राथमिक शाळाही काढल्या होत्या. जिथं शाळाच नाही अशा गावांत ‘व्हॉलंटरी’ शाळा, पाचशेहून जास्त. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातला बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कित्येक आज्जी-आजोबांनी पहिली पाटी हातात घेतली ती सरकारनं न काढलेल्या शाळेत.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज उभं केलं. इमारतीवर नंतर खर्च झाला, आधी शिकवणाऱ्या माणसावर झाला. आजच्या शाळांना हाच प्रश्न विचारायला हवा. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ मध्ये झाला. त्यात शाळा काढताना जमीन, इमारत, ठेव यांचा हिशेब द्यावा लागतो. शिक्षक किती तयारीचा आहे आणि तो टिकतो का, हे मात्र पालकानंच शोधायचं.

दुसरं उदाहरण सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं. तिथल्या तेव्हाच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं शिकवायला सुरुवात केली. फरशीवर आखलेले खेळ, मणी, काड्या, मुलांनी गटात बसून स्वतः शोधलेली उत्तरं. बघायला राज्यभरातून शिक्षक आले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं तेव्हा कुमठ्याचं नाव सगळीकडे घेतलं जात होतं. साध्या जिल्हा परिषद शाळा, खर्च काड्या-मण्यांचा. सगळ्या जिल्हा परिषद शाळा कुमठ्यासारख्या आहेत असं मी म्हणत नाही. शिक्षकांच्या रिकाम्या जागा, बीएलओची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं तिथं आहेच. पण चांगली शाळा कशी दिसते, हे बघायला फार लांब जावं लागत नाही.

फॉर्म भरायच्या आधी

तर आता घरातून हाक आली की काय करायचं? शाळेत जा. शाळा चालू असताना जा, सुट्टीच्या दिवशी नको. एका तासात बरंच कळतं.

कागदापासूनच सुरुवात करा. नमुना २ मागा आणि त्यावरची तारीख बघा. मुदत संपलेली असेल तर तसं स्पष्ट विचारा. अकरा अंकी यू-डायस क्रमांक मागा, महाराष्ट्रातल्या शाळेचा तो २७ नं सुरू होतो. सीबीएसई म्हणत असतील तर संलग्नता क्रमांक. दर जूनच्या आसपास अनधिकृत शाळांची यादी शिक्षण विभाग जाहीर करतो, तीही बघा. हे कागद नसतील तर पुढचं बघायची गरजच नाही. कागद असतील तर तपासणी इथून सुरू होते, संपत नाही.

मग शिक्षक. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या मॅडमनी डी.एल.एड. केलंय का, टीईटी पास आहेत का? १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. आता इथंही कागदावर डोळे मिटून विश्वास नको. २०१९-२० च्या टीईटीत गैरप्रकार करणाऱ्या साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर आपल्याच राज्यात कारवाई झाली. म्हणून त्याहून साधा प्रश्न विचारा: गेल्या वर्षी या वर्गाला कोण होतं, आणि त्या आता कुठं आहेत? वर्षात तीनदा टीचर बदलत असतील तर पगाराचं काहीतरी बिनसलंय, हे समजून जा.

वह्या बघा. चार मुलांच्या वह्या शेजारी ठेवल्या आणि चारही वह्यांत अक्षरन् अक्षर सारखं उत्तर असेल, तर ते मुलांचं नाही, फळ्याचं आहे. एखाद्या वहीत चुकलेलं, वेडंवाकडं पण मुलानं स्वतः लिहिलेलं वाक्य असेल आणि बाईंनी ते समजावून दुरुस्त केलेलं असेल, तर ती शाळा मला जास्त आवडेल.

ग्रंथालयात जा. पुस्तकं कपाटात कुलूपबंद आणि कोरी असतील तर ती तपासणीसाठी आहेत. कोपरे दुमडलेली, शाई लागलेली असतील तर ती मुलांसाठी आहेत.

मुलांशी बोला. त्याच शाळेत जाणारं शेजारचं तिसरी-चौथीचं मूल गाठा. त्यानं न पाहिलेला सोपा उतारा द्या. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि ‘काय झालं, तू सांग’ म्हणा. मराठीत सांगितलं तरी चालेल. मग एक हातच्याची वजाबाकी. यात त्या मुलाची परीक्षा घ्यायची नाही, ओरडायचं तर अजिबात नाही. परीक्षा शाळेची आहे.

इंग्रजीबद्दल एक. इंग्रजी नको असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. इंटरव्ह्यूला गेल्यावर आपली काय अवस्था होते ते आपल्याला माहिती आहे. म्हणूनच ताईला घाई होती. पण ‘इंग्रजीत शिकणं’ आणि ‘इंग्रजी शिकणं’ यात फरक आहे. ज्या मुलाला विहिरीची गोष्ट मराठीत सांगता येत नाही, त्याला ती इंग्रजीत समजलेली नसते, फक्त पाठ असते. आरटीई कायदाही म्हणतो की शक्य असेल तिथवर शिकवणं मातृभाषेत असावं. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी समजावताना मराठी वापरते का, की मराठी बोललं म्हणून दंड लावते, हे विचारा.

शेवटी पालकांचा आवाज. व्यवस्थापन समितीची सक्ती नसली तरी शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्यानुसार शाळेला शिक्षक-पालक संघ करावा लागतो, वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत. त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि फीचा प्रस्ताव या समितीपुढं यावा लागतो. त्या समितीतल्या पालकांची यादी बोर्डावर लावलीय का, बघा. बऱ्याच पालकांना असं काही असतं हेच माहिती नसतं. तुम्ही सांगा त्यांना.

हा फक्त फी भरणाऱ्यांचा प्रश्न नाही

खासगी शाळांच्या गुणवत्तेत सगळ्यांचा वाटा आहे, कारण त्यांच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा आरटीईतून वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी आहेत. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्दच केला. ऊसतोड मजुराचं, भाजीवालीचं पोर आजही त्याच बाकावर बसू शकतं. संस्थाचालक म्हणतात, सरकारकडून या मुलांच्या फीचा परतावा वर्षानुवर्षं थकतो, आणि ती तक्रार खोटी नाही. पण दार उघडलं म्हणजे काम झालं असं नाही. ज्या पोराच्या घरी अभ्यास घेणारं कुणी नाही, त्याला शाळेनंच शिकवावं लागतं. तिथं शाळेची खरी किंमत कळते. ताईचा मुलगा संध्याकाळी ट्युशनला जाऊन भरून काढेल. त्याच्या शेजारी बसणारा कुठं जाईल?

म्हणून मागणी साधी आहे. जी चाचणी जिल्हा परिषदेच्या शाळेला, तीच मान्यताप्राप्त खासगी शाळेलाही. स्क्वाफच्या १२८ मानकांवर शाळेनं स्वतःला काय दिलं आणि पडताळणीत काय निघालं, ते पालकाला कळेल अशा दोन पानांत, शाळेच्या दारात लावलेलं. त्यात पहिला-दुसरा नंबर नको. नंबर लावले की पुन्हा पाच फोटोंचा फ्लेक्स होईल आणि कच्ची मुलं शाळेलाच नकोशी होतील. मूल आलं तेव्हा कुठं होतं आणि आता कुठं आहे, एवढंच सांगा.

ताईनं शाळा बदललेली नाही. मधल्या वर्षात बदलायची नाही असं दाजींचं म्हणणं पडलं आणि मलाही ते पटलं. पण पालक सभेत तिनं पहिल्यांदाच फीबद्दल न बोलता वजाबाकीबद्दल विचारलं. मागच्या बाकावरच्या आणखी तिघींनी मान डोलावली. टीचर म्हणाल्या, ‘सिलॅबस संपवायचा असतो हो, पण बघते.’ येत्या जूनमध्ये शिक्षक-पालक संघाच्या चिठ्ठीत ताई नाव टाकणार आहे.

आणि भाचा? आम्ही दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या. ४२ म्हणजे चार जुड्या आणि दोन सुट्या. सतरा द्यायचे तर एक जुडी सोडावी लागली. काड्या मोजून झाल्यावर त्यानं वहीतलं ३५ खोडलं, २५ लिहिलं आणि मला विचारलं, ‘मग टीचरनी हे बरोबर का दिलं होतं?’